‘जुगाडू’ पोरं आणि स्टीलची वायर

गॅरेजमधल्या पोराचं कौतुक करायचं असलं की आपल्याकडे एक शब्द ठरलेला आहे. जुगाडू! कौशल्य विकासाच्या कार्यक्रमात व्यासपीठावरचे पाहुणे हा शब्द वापरतात, मॅनेजमेंटवाले त्यावर भाषणं देतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलीही माणसं असतात. पण हा शब्द नेमका कुणासाठी वापरला जातो, हे आपण कधी तपासलंय का? डॉक्टरनं तुटलेली नस जोडली तर ती शस्त्रक्रिया. कंपनीतल्या इंजिनिअरनं दोन धातू जोडले तर ते तंत्रज्ञान. आणि वस्तीतल्या पोरानं रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून सेन्सरची वायर जोडली की तो जुगाड. म्हणजे हात चालले, डोकं नाही. एकदा डोकं नाही असं ठरवलं की पुढचं सगळं सोपं होतं. शिकवायची गरज नाही, हत्यार द्यायची गरज नाही, पगार वाढवायची गरज नाही. काम बिघडलं तर मात्र चूक त्याचीच.

मला हे एका वायरच्या आधारेच मांडायचं आहे. उगाच हवेत गोष्टी नकोत.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आला. चारचाकीत तो आधीपासून होताच. त्याआधी वर्षभर, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं होतं, म्हणजे चाकाजवळ आणखी एक सेन्सर. ज्या पोरांनी दहा-दहा वर्षं कार्ब्युरेटर खोलून, जेट फुंकून, कानानं इंजिन ऐकून हात बसवला होता, त्यांची विद्या दोन वर्षांत अर्धी निकामी झाली. त्यांना नवीन काही शिकवायची जबाबदारी कुणाची होती? याचं उत्तर सरकारनं दिलं नाही, कंपन्यांनी दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपण विचारलंही नाही.

या सेन्सरच्या वायरी तुटतात. पाइपाची उष्णता, खड्ड्यांचे दणके, चिखल, आणि रात्री गाडीत शिरणारे उंदीर. नवीन सेन्सरची किंमत ऐकली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘वायरच तुटलीय ना, जोडून टाक.’ मालक पोराकडे बघतो. पोरगं सोल्डरिंगची गन गरम करतं.

आणि सोल्डर चिकटत नाही. गोळी होऊन घरंगळतं, पानावरच्या पाण्यासारखं.

इथे ते पोरगं काय समजतं? गन कमी तापली असेल. मग तो आणखी तापवतो. टोक काळं पडतं, सोल्डर तसंच घरंगळतं. खरं कारण उष्णतेत नाहीच, ते धातूत आहे. साध्या वायरिंगमधली तार तांब्याची असते. सोल्डरमधलं कथील तांब्याला भिडतं, दोघांचा मिळून एक पातळ थर तयार होतो, तोच खरा सांधा. पण ऑक्सिजन सेन्सरच्या अनेक वायरी, पाइपाची आच सोसावी म्हणून, स्टेनलेस स्टीलच्या किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असतात. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडची अगदी बारीक साय असते. तिच्यामुळेच ते गंजत नाही, आणि तिच्यामुळेच सोल्डर त्याला धरत नाही. सोल्डरच्या तारेत जी राळ भरलेली असते ती तांब्यावरचा मळ काढू शकते, ही साय काढायची तिची ताकद नाही. कितीही तापवा.

मग वरच्या मिस्त्रीचा सल्ला येतो. ‘ॲसिड लाव.’ फॉस्फोरिक ॲसिडचा किंवा झिंक क्लोराइडचा फ्लक्स लावला की साय निघते आणि सोल्डर झकास पसरतं. सांधा चमकतो. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. पण ते ॲसिड सांध्यावर थांबत नाही. बारीक तारांच्या फटीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, इन्सुलेशनच्या आत चढतं. पाण्यानं वरून धुतलं तरी आतलं राहतं, आणि आतून खात राहतं.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे, आणि ती मी ज्या ज्या गॅरेजमध्ये विचारली तिथे फार थोड्यांना माहीत होती. झिर्कोनियाचा ऑक्सिजन सेन्सर दोन हवांची तुलना करतो. एका बाजूला धुरातला ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या ताज्या हवेतला. दोन्हींत जेवढा फरक, त्यावरून तो व्होल्टेज देतो. पेट्रोल जास्त झालं तर साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ च्या आसपास. आता ही ताजी हवा सेन्सरच्या पोटात जाते कुठून? अनेक सेन्सरमध्ये ती वायरीतूनच जाते, तार आणि इन्सुलेशन यांच्यामधल्या फटीतून. वायर हेच त्याचं नाक! त्या नाकात तुम्ही सोल्डर ओतलं, ॲसिडची वाफ कोंडली, वर ग्रीस भरलं, तर सेन्सर गुदमरतो. व्होल्टेज कमी दाखवतो. कॉम्प्युटरला वाटतं हवा जास्त झाली, तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, गाडी परत येते.

म्हणूनच सेन्सर बनवणारे सांगतात की इथे सोल्डर करू नका, क्रिम्प करा. योग्य मापाची धातूची नळी, दोन्ही बाजूंनी तारा घालून, त्यासाठीच्या पकडीनं दाबायची. साध्या पकडीनं चेंगरायची नव्हे, आणि हातोडीनं तर नाहीच. चार वायरी असतील तर चारही सांधे एकाच जागी घ्यायचे नाहीत, मागेपुढे घ्यायचे, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि दोन सांधे एकमेकांना लागत नाहीत. वरून हीट श्रिंकची स्लीव्ह. आणि सांधा पाइपापासून जमेल तेवढा लांब.

सगळीकडेच सोल्डर वाईट, असं मी म्हणत नाही. आधी तार ओळखायची. ब्लेडनं एक बारीक तार खरवडून बघा. खाली लालसर निघाली तर तांबं आहे, वरून निकेल. आतूनही पांढरीच निघाली तर बहुधा स्टील. आणि तुटलेली जागा कनेक्टरच्या पलीकडे, गाडीच्या हार्नेसमध्ये असेल तर ती तांब्याचीच असते. तिथे राळेच्या सोल्डरनं सुंदर सांधा होतो. कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, खरवडून, स्वतः बघून मानायचं. एहिपस्सिको हे आपण वंदनेत दर रविवारी म्हणतो. त्याचा अर्थ दुसरा काय आहे?

एबीएसच्या सेन्सरची अडचण वेगळी. तिथे तार तांब्याची, सोल्डर लगेच धरतं. पण ती वायर चाकाजवळ सतत वाकत असते. सोल्डर तारांमध्ये वर चढून तो भाग काडीसारखा ताठ करतं, आणि जिथे ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो बरोबर तिथेच ती पुन्हा तुटते. सांधा शाबूत, वायर तुटलेली. शिवाय त्या दोन वायरींना पीळ दिलेला असतो तो बाहेरच्या विजेचा गोंधळ आत येऊ नये म्हणून. आपली पोरं तो पीळ उलगडून दोन सरळ वायरी जोडतात, कारण पीळ का आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. इथे ॲव्हरेजचा प्रश्न नाही मित्रांनो, ब्रेकचा आहे. माणूस मरतो.

आता सांगा, वरच्या पाच-सहा परिच्छेदांत दहावी झालेल्या पोराला कळणार नाही असं एक तरी वाक्य आहे का? रसायन आहे, वीज आहे, धातूशास्त्र आहे, पण कळायला अवघड असं काही नाही. समजावायला एक दुपार पुरते.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत रात्री येणारा एक मुलगा दिवसा गॅरेजात काम करतो. त्यानं अशीच स्टीलची वायर ॲसिड लावून जोडली होती. तीन आठवड्यांनी गाडी परत आली. नव्या सेन्सरचे पैसे मालकानं त्याच्या पगारातून कापले. दोन हप्त्यांत, ‘माणुसकी म्हणून’. ॲसिड लावायला सांगणारा मिस्त्री बाजूलाच उभा होता. मुलगा मला म्हणाला, ‘ताई, माझ्याच हाताला सफाई नाही.’ त्याच्या हाताला उत्तम सफाई आहे. त्यानं केलेला सांधा मी पाहिला, सोनाराला लाजवेल असा होता. कमी पडली ती माहिती, आणि ती त्याच्यापर्यंत पोचू न देणाऱ्यांचे पैसे कुणीच कापले नाहीत.

ही माहिती अडते कुठे? कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत असतं आणि अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमध्ये असतं. ट्रेनिंगही तिथल्याच स्टाफला. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, कारण त्यांनी सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांपासून अडवून ठेवली होती. ती खुली करा, असा आदेशही दिला. कंपन्या कोर्टात गेल्या, खटले वर्षानुवर्षं चालले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. छान. पण रस्त्याकडेच्या गॅरेजमधलं आपलं पोरगं इंग्रजी पोर्टल उघडून वायरीचा धातू शोधणार आहे का? ज्ञान कुलपात असणं आणि ज्ञान परक्या भाषेत उघड्यावर असणं, यातला फरक ज्यांच्या आज्यांना संस्कृतचा शब्द कानावर पडू दिला नाही त्यांना वेगळा सांगायला नको.

काही जण म्हणतील, ताई, गॅरेजमध्ये कुठली आली जात? तिथे तर सगळ्या जातीधर्माची पोरं. बरोबर, सगळ्या म्हणजे कुणाची, ते मोजा एकदा. गाडीखाली झोपलेला कोण, काउंटरवर बसलेला कोण, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागात कोण. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. श्रमविभागणीवर डर्खाइम दोन महिने शिकवला. जात ही श्रमाची नुसती वाटणी नसून श्रमिकांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलेलं सूत्र मात्र एका तासात उरकलं. ते नीट शिकवलं असतं तर वर्गातल्या पोरांना कळलं असतं की उतरंडीची खरी पायरी ‘हातानं काम करणं’ ही नाही. हातानं काम करणाऱ्याला त्या कामामागचं ‘का’ कळू न देणं, ही ती पायरी आहे.

गिरण्यांमध्ये हेच झालं. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त तिथे, घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर विटाळ. धागा जोडण्याचं कौशल्य जातीनं अडवलं, तेही लाल बावटा खांद्यावर असलेल्या गिरणगावात! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, एवढंच त्या भाषणातलं आपण पोस्टरवर छापतो. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या माणसाला क्वचितच मेकॅनिक करतात, फोरमन तर दूरच, तो हमाल म्हणून लागतो आणि हमालच राहतो. मेकॅनिक हा शब्द बाबासाहेबांच्या भाषणात आहे, तो पोस्टरवर का नाही? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन दिलं, त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखान्यांत, रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारीच्या जागाही मागितल्या. दोन्ही एकाच कागदात.

आता आपल्या चळवळीतल्या माणसांशी थोडं स्पष्ट बोलते. ‘बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली, तुम्ही पोरांना परत हातात पाना देता?’ असं मला एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी भर बैठकीत सुनावलं. मोठे आहेत, मान आहे, पण मुद्दा चुकीचा आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते जन्मानं गळ्यात बांधलेलं काम, मेलेली ढोरं ओढणं, ज्यात काम बदलण्याचा हक्कच नव्हता. मोटार मेकॅनिक हे कुठल्या जातीचं वतन आहे? उलट तिथे शिरायलाच तर आपल्याला अडवलं होतं. अभ्यासिकेतल्या खुर्च्यांवर बसलेली सगळी पोरं एमपीएससीतून निघणार नाहीत, हे त्यांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, फक्त बोलायचं नाही. जो निघतो त्याचा सत्कार, जो गॅरेजात जातो त्याचं नाव वस्तीच्या बॅनरवरही नाही. ही उतरंड आपण कुठून उचलली?

आणि याचा अर्थ मी श्रमाची पूजा बांधते असाही घेऊ नये. झाडू हे आध्यात्मिक साधन आहे असं सांगून झाडूवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या झाडूपाशीच ठेवणाऱ्यांची श्रमप्रतिष्ठा आपल्याला नको. आपल्याला कारण कळण्याचा हक्क हवा, आणि नको वाटलं तर उद्या ते काम सोडण्याचा हक्क हवा.

कल्हईवाले आठवतात का? तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर नवसागर टाकून मळ जाळायचा, मग कथील फिरवून कापसानं पसरवायचं. स्वच्छ केल्याशिवाय धातू धातूला धरत नाही, हे ज्ञान त्यांच्या हातात कुणी पाठ्यपुस्तक लिहिण्याआधीपासून होतं. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेत फ्लक्सचा धडा असतो, पण त्यात कल्हईवाला कुठे दिसतो?

कायद्याकडे वळू. अप्रेंटिसेस ॲक्ट १९६१ चा आहे. त्याच्या कलम ३-अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती वर्कशॉपनी त्या भरल्या, यासाठी माहिती अधिकारात अर्ज कुणी टाकलाय? त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, त्याला कामगार कायदे लागू नाहीत. ठीक आहे, शिकाऊ आहे ना, मग शिकवा! वर्षभर गाड्या धुवून घेऊन, ऑइल बदलून घेऊन शेवटी कागद हातात द्यायचा, याला शिक्षण म्हणत नाहीत. आधीपासून काम करणाऱ्यांना छोट्या चाचणीवर प्रमाणपत्र देण्याच्या योजना आहेत, त्यांचंही तेच. जे त्याला येत होतं त्यावर शिक्का मारला, जे येत नव्हतं ते तसंच राहिलं. स्टीलची वायर त्या प्रमाणपत्राला विचारत नाही.

आम्ही विहारात रविवारी दुपारी वर्ग सुरू केला आहे, म्हणून अनुभवावरून सांगते. फार काही लागत नाही. एक चांगली क्रिम्पिंगची पकड, जी एका गॅरेजला महाग वाटते पण पाच पोरांनी मिळून घेता येते. धातूच्या नळ्या, हीट श्रिंक, एक मल्टिमीटर. शिकवायला आयटीआयमधून निवृत्त झालेले आपलेच एक सर येतात, मानधन घेत नाहीत. पहिल्या रविवारी फक्त तार ओळखायची. दुसऱ्या रविवारी प्रत्येकानं दहा सांधे करायचे आणि ते ओढून तोडायचे. तुटला कुठे ते बघून वहीत लिहायचं, मराठीत.

आणखी एक, जे गॅरेजात कुणी सांगत नाही. बहुतेक जण वापरतात त्या सोल्डरमध्ये शिसं असतं. हात न धुता वडापाव खायचा नाही. राळेचा धूर नाकात घ्यायचा नाही, त्यानं दमा होतो. आणि सेन्सरच्या वायरीचं इन्सुलेशन लायटरनं जाळून सोलायचं नाही. ते बऱ्याचदा टेफ्लॉनचं असतं, जळलं की त्याचा धूर विषारी असतो. ब्लेडनं सोला, वेळ लागू दे. मालक घाई करत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

ज्यांच्याकडे जळालेली, तुटलेली जुनी सेन्सर पडून आहेत त्यांनी ती भंगारात घालू नयेत. रविवारी विहारात आणून द्या, आम्हाला कापून बघायला लागतात.